जिथे मासे पळत नाहीत

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरातून उत्तरेकडे निघालेला प्रवासी सव्वा तासात ली नावाच्या छोट्याशा गावी पोहोचतो. गाव मासेमारीवर जगणारे. बंदरात नौका नांगरलेल्या, धक्क्यावर दोरखंडांची वेटोळी आणि हवेत त्या व्यवसायाचा वास. शाकाहारी प्रवाशाने येथे रेंगाळावे असे काही नाही. मात्र गाव मागे टाकून चार-पाच किलोमीटर पुढे गेले की रस्ता उताराला लागतो आणि एका लहानशा उपसागरापाशी संपतो. समोर हाकेच्या अंतरावर झाडीने झाकलेले एक बेट आहे. नकाशावर त्याचे नाव गोट आयलंड, तर माओरी लोकांच्या भाषेत ते ‘ते हावेरे-आ-माकी’. कड्यांवर पोहुतुकावाचे जुने वृक्ष वाकलेले असतात. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा डिसेंबरात सुरू होतो, तेव्हा हे वृक्ष लालभडक फुलांनी पेटल्यासारखे दिसतात. एरवी या किनाऱ्याची शोभा बेताचीच म्हणावी लागेल. त्या देशात याहून देखणे किनारे पावलोपावली आहेत.

येथले वेगळेपण पाण्यात पाऊल टाकताच जाणवते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या पायांभोवती मासे येऊन थांबतात. ते घाबरत नाहीत, दगडाआड दडत नाहीत. दोन-तीन वीत लांबीचा, गुलाबी-सोनेरी अंगाचा एखादा मासा तर अगदी जवळ येऊन माणसाकडे निरखून पाहतो आणि समाधान झाल्यासारखा संथपणे वळून निघून जातो. पाण्यातला जीव माणसाची चाहूल लागताच पळतो, हेच जगात सर्वत्र पाहावयास मिळते. इतके की तो त्याचा स्वभावच आहे असे मानले जाते. या किनाऱ्यावर त्या समजुतीला धक्का बसतो.

आणखी आत जायचे, तर थंडीशी सामना करावा लागतो. हा उष्ण कटिबंधातला कोमट समुद्र नव्हे. ऐन उन्हाळ्यात येथले पाणी २१ अंशांच्या आसपास असते, तर हिवाळ्याच्या अखेरीस ते १४ अंशांपर्यंत उतरते. १४ अंशांची हवा महाबळेश्वरच्या पहाटेसारखी सुखद वाटेल. १४ अंशांचे पाणी मात्र निराळे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून येथे पाणबुड्याचा पोशाख जाड, अंगाला घट्ट बसणारा आणि सच्छिद्र रबराचा असतो. त्या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात आणि तेच गोधडीचे काम करतात. पोशाख चढवताना धाप लागते. डोक्यावर टोपी, हातांत मोजे, पायांत जोडे आणि त्यांवर वल्ह्यांसारखे लांब पर. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी, आणि कमरेला शिशाची वजने, कारण हा रबरी पोशाख माणसाला बुडूच देत नाही. किनाऱ्यावर हा सारा जामानिमा घेऊन चालणारा माणूस बेढब व काहीसा हास्यास्पद दिसतो. पाण्यात शिरताच ते ओझे नाहीसे होते. मानेमागून थंड पाण्याची एक रेघ पाठीवर उतरते, क्षणभर श्वास अडकतो. मग तोंडातल्या नळीतून पहिला श्वास ओढला जातो आणि त्याचा आवाज कानांत घुमू लागतो.

पाण्याखाली बोलता येत नाही. कोणी एकट्याने उतरायचे नाही, जोडीनेच जायचे आणि एकमेकांना दृष्टीआड होऊ द्यायचे नाही, हा पहिला नियम. सगळे संभाषण हातांच्या खुणांनी चालते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि तेथे श्वासागणिक टाकीतली हवाही दुप्पट खर्ची पडते. धडपडणाऱ्याची हवा लवकर संपते. जो हातपाय आवरून, सावकाश श्वास घेत तरंगतो, त्याला पाण्यात अधिक काळ राहता येते आणि मासेही त्याच्याच जवळ येतात. खाली तळाशी काही जीव इतके नाजूक असतात की पायातल्या पराचा एक बेफिकीर फटका त्यांना मोडून टाकतो. म्हणून जाणता पाणबुड्या तळापासून हातभर वर राहतो आणि प्रत्येक हालचाल पाहून करतो. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन निरखण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, तेथल्या माणसांना ही शिस्त परकी वाटू नये.

खडकांची पहिली रांग ओलांडली की केल्पचे रान सुरू होते. केल्प म्हणजे थंड समुद्रात वाढणारे मोठे, तपकिरी शेवाळ. बळकट देठ खडकाला घट्ट धरून उभा असतो आणि त्याच्या माथ्यावर चामड्यासारख्या पानांचा झुबका असतो. लाट आली की सगळे रान एका बाजूला झुकते, आणि ओसरली की दुसऱ्या. पाणबुड्याही त्याच झोक्यात पुढे-मागे होतो. या हिंदोळ्याशी झगडायचे नसते. वरच्या पाण्यात निळ्या माओमाओ माशांचा थवा येतो. निळा रंग इतका गडद आणि इतका एकसारखा, की पाण्यालाच रंग चढल्याचा भास व्हावा. शेकडो मासे एका क्षणी वळतात आणि पुढच्या क्षणी पाणबुड्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून पुढे जातात. खाली वाळूत, हनुवटीच्या दोन मिशांनी तळ उकरत काही मासे अन्न शोधत असतात आणि त्यांनी उडवलेल्या धुरळ्यावर दुसरे टपलेले असतात. स्पॉटी नावाचा एक लहानसा मासा प्रत्येक खडकापाशी भेटतो. त्याच्यातली मादी पुढे नर होऊ शकते.

मग स्नॅपर दिसतो. किनाऱ्यावर पायांपाशी आला होता तोच. माओरी लोक त्याला टामुरे म्हणतात. कोवळ्या वयात त्याच्या गुलाबी अंगावर निळे ठिपके रत्नांसारखे चमकतात. वय वाढते तसे ते ठिपके विझत जातात, अंगाला काळसर छटा येते आणि कपाळाला उंचवटा येतो. या माशाचे आयुष्य साठ वर्षांपर्यंत असू शकते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बाहेरच्या समुद्रात एवढे जगण्याची संधी फार थोड्यांना मिळते. केल्पच्या दाटीतून असा एखादा वृद्ध मासा बाहेर येतो, पाणबुड्याच्या चेहऱ्यासमोर येऊन ठेपतो आणि काचेपलीकडच्या डोळ्यांत पाहतो. समोरचा माणूस चाळिशीचा असेल, तर दोघांत वडील कोण, हे सांगणे कठीण.

दहा-बारा मीटरच्या खाली लाल रंग उरत नाही. पाणी तो आधीच गिळून टाकते, म्हणून सारे जग निळे-करडे दिसू लागते. विजेरीचा झोत टाकला की त्याच करड्या भिंतीवर केशरी, पिवळे, जांभळे स्पंज एकाएकी उमटतात आणि झोत हटला की पुन्हा मावळतात. खडकांच्या कपारींतून लांब मिशा बाहेर डोकावतात. त्या शेवंडांच्या. एका कपारीत पाच-सहा शेवंड दाटीने बसलेले असतात आणि परक्याची चाहूल लागली की मिशा हलवून चाचपणी करतात. वाळूच्या पट्ट्यावर एखादे पाखट पंख फडफडवल्यासारखे येते. ते तळ खणून शिंपले शोधते आणि मागे ताटाएवढा खड्डा ठेवून निघून जाते. चाळीस-पन्नास मिनिटे अशी जातात. बोटे बधिर होतात, जबडा नळी धरून दुखू लागतो, टाकीवरचा काटा परतण्याची वेळ झाली असे सांगतो. आणि तरीही परतताना पाणबुडे मागे वळून पाहतात, कारण तो वृद्ध स्नॅपर काही अंतर सोबत येतो.

हे मासे असे कसे झाले, याचे उत्तर एका कायद्यात आहे. ऑकलंड विद्यापीठाची समुद्रविज्ञानाची प्रयोगशाळा या उपसागराच्या काठी आहे. तेथल्या संशोधकांची तक्रार साधी होती. आज ज्या जिवांचे निरीक्षण करावे, ते उद्या कोणाच्या तरी टोपलीत गेलेले असत. १९६५ साली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व्हॅलेंटाइन चॅपमन यांनी, समुद्राचा हा तुकडा राखून ठेवावा, असा प्रस्ताव मांडला. प्रयोगशाळेचे तरुण संचालक बिल बॅलंटाइन यांनी तो उचलून धरला. परंतु जमिनीवर अभयारण्य असू शकते, समुद्रात कसे असेल, असा प्रश्न शासनापुढे होता आणि त्यासाठी मुळी कायदाच नव्हता. तो १९७१ साली झाला. त्यानंतर हरकती, सुनावण्या आणि पत्रव्यवहार. अखेर १९७५ साली घोषणा झाली आणि १९७७ साली राखीव क्षेत्राचे रीतसर उद्घाटन झाले. प्रस्तावापासून बारा वर्षे. न्यूझीलंडमधले ते पहिले सागरी राखीव क्षेत्र: सुमारे पाच किलोमीटर लांबीचा किनारा, त्यापासून समुद्रात ८०० मीटरपर्यंतचे पाणी, आणि एकूण क्षेत्र साडेपाच चौरस किलोमीटरांहूनही थोडे कमी.

नियम एका वाक्यात मावतो. येथून काहीही न्यायचे नाही. मासा नाही, शेवंड नाही, वाळूही नाही. पोहावे, बुडी मारावी, पाहावे, आणि रित्या हाताने परत जावे. हा निर्णय कोणा अहिंसाव्रती समाजाने घेतलेला नाही, हे येथे मुद्दाम नमूद करायला हवे. मासा हे ज्यांचे रोजचे अन्न, त्यांच्या देशाने तो घेतला, आणि त्यामागचे कारण करुणा हे नव्हते. माणसाने हात लावला नाही तर समुद्र कसा असतो, हे कळण्याची एक तरी जागा असावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. हेतू अभ्यासाचा होता, पण अभय मिळाले ते माशांना.

गावाला हे रुचले नव्हते. मासे धरता येणार नसतील तर त्या किनाऱ्यावर करण्यासारखे राहिले काय, असा सूर तेव्हा उमटला. प्रत्यक्षात उलट घडले. मासे माणसाजवळ येतात, ही वार्ता पसरली आणि माणसे माशांजवळ येऊ लागली. आज येथे येणाऱ्यांची वार्षिक संख्या लाखांत मोजली जाते. पोशाख व टाक्या भाड्याने देणारी दुकाने निघाली, तळाशी काच असलेली नौका आली, शाळांच्या सहली सुरू झाल्या. ज्या पाण्यातून एक मासाही विकला जात नाही, त्या पाण्याने आसपासच्या परिसराला उत्पन्न दिले.

पाण्याखालचा बदल त्याहून सावकाश झाला, आणि तो कोणी योजलेला नव्हता. या समुद्रात कीना नावाचा एक जीव असतो: चेंडूसारखा गोल, अंगभर काटे असलेला, केल्प कुरतडून जगणारा. मोठे स्नॅपर आणि शेवंड त्याला खातात. माणसाने तेच मोठे मासे आणि शेवंड उपसून नेले, तेव्हा कीनांची संख्या बेसुमार वाढली आणि त्यांनी केल्पची राने फस्त करून खडक उघडे पाडले. राखीव क्षेत्र झाले तेव्हा येथेही असे ओसाड पट्टे होते. खडक पांढुरके, त्यांवर काळे काटेरी गोळे, आणि दुसरे जवळजवळ काही नाही. त्या काळी हीच या समुद्राची मूळ स्थिती समजली जाई. मग वर्षामागून वर्षे गेली, स्नॅपर मोठे झाले, शेवंड वाढले, कीना घटले. आणि १९९०च्या दशकाअखेरीस पाहणी झाली तेव्हा जुन्या नकाशांत जिथे उजाड खडक दाखवले होते, तिथे बहुतेक ठिकाणी केल्प डोलत होते. कोणी लावले नाही, कोणी पाणी घातले नाही. सीमेबाहेर मात्र तसे उघडे खडक आजही दिसतात. ज्या रानाच्या हिंदोळ्यात पाणबुडा झुलतो, ते बऱ्याच ठिकाणी त्याच्याच हयातीत उगवलेले असते.

या कहाणीत एक अवघड प्रकरण आहे, आणि त्यात दोष दयाळू माणसांचाच होता. मासे जवळ येतात म्हटल्यावर लोक त्यांना खाऊ घालू लागले. पाव आणला, गोठवलेल्या मटारांची पाकिटे आणली. काही पाणबुडे तळावरचे कीना फोडून माशांपुढे धरत. तळ्याकाठी कणकेच्या गोळ्या टाकत वाढलेल्या कोणालाही यात वावगे दिसणार नाही. देण्यात कसला आला अपराध? परंतु मटार खायला शिकलेले मासे हातांकडे झेपावू लागले, एका जागी गोळा होऊ लागले आणि त्यांची मूळ रीत बिघडू लागली. ज्या जागेचा उद्देशच तिला तिच्यावर सोडून देणे हा होता, तेथे देणे हाही हस्तक्षेप ठरला. आता माशांना काही घालू नये, असे येणाऱ्यांना आवर्जून सांगितले जाते. ‘घेऊ नका’ हे लोकांना लवकर पटले. ‘देऊ नका’ हे पटायला वेळ लागला.

हिशेबाकडे वळले तर आकडे बोलके आहेत. या आणि अशा आणखी दोन राखीव क्षेत्रांची आतली व बाहेरची पाहणी करून २००३ साली अभ्यासकांनी दाखवले की पकडण्याजोग्या आकाराचे स्नॅपर आत, बाहेरच्या सुमारे चौदापट दाट आहेत. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष २०१७ साली आला. आसपासच्या सुमारे चारशे चौरस किलोमीटर समुद्रातली स्नॅपरची पिले तपासली, तेव्हा आनुवंशिक खुणांवरून त्यांतली दहा टक्क्यांहून थोडी अधिक पिले या पाच चौरस किलोमीटरांतल्या वडीलधाऱ्या माशांची निघाली. पेढीवर बसणाऱ्याला याचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही. ज्या मुद्दलाला हात लावू दिला नाही, त्याचे व्याज सीमेबाहेर, आणि तेही विरोध करणाऱ्यांच्या जाळ्यांपर्यंत, पोहोचत होते.

पण याच वहीत एक खर्चाचे पानही आहे, आणि ते शेवंडांचे आहे. शेवंड वर्षभर कपारीत बसून राहत नाहीत. ऋतुमानाप्रमाणे ते खडक सोडून खोल पाण्यातल्या वाळूवर शिंपले शोधायला निघतात. रात्रीच्या अंधारात, तळावरून, पायी. ८०० मीटरची रेषा नकाशावर होती. वाळूवर ती नव्हती. रेषेच्या नेमक्या पलीकडे सापळे लावलेले असत, त्यांचे तरंगते गोळे पृष्ठभागावर ओळीने डोलत असत, आणि त्यात बेकायदेशीर काहीही नव्हते. आरंभीच्या वीस वर्षांत जी संख्या वाढत गेली, ती १९९०च्या दशकानंतर घटू लागली. पूर्वी ज्या कपारींत शेवंडांची दाटी असे, त्यांतल्या कित्येक रिकाम्या दिसू लागल्या. आत दिलेले संरक्षण शेवंडाच्या एका रात्रीच्या चालीपुरतेही नव्हते.

बॅलंटाइन आयुष्यभर हेच सांगत राहिले की एक लहानसा तुकडा पुरेसा नाही. देशाच्या समुद्राचा दहावा हिस्सा असा राखला पाहिजे. १९९६ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०१५ साली, लीच्या किनाऱ्यावर पन्नासेक वर्षे घालवून, ते निवर्तले. तोवर न्यूझीलंडच्या मुख्य बेटांभोवतीच्या समुद्राचा एक टक्काही पूर्ण संरक्षणाखाली आला नव्हता. २०२५ साली त्या देशाच्या संसदेने हाउराकी आखातासाठी नवा कायदा संमत केला आणि त्यात या राखीव क्षेत्राची सागरी सीमा ८०० मीटरांवरून ३ किलोमीटरपर्यंत नेण्याची तरतूद झाली. प्रस्ताव, हरकती, सुनावण्या आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा हा क्रम याही वेळी चुकला नाही.

संध्याकाळी बेटाची सावली उपसागरावर पसरते. पाणबुडे बधिर बोटांनी पोशाख उतरवतात, गोड्या पाण्याने सामान धुतात, गरम चहाचा प्याला दोन्ही हातांत धरून गाडीपाशी उभे राहतात. एक-दोन मुले अजून गुडघाभर पाण्यात असतात. त्यांच्या हातांत काही नसते, तरीही मासे जात नाहीत. दूर, पाणी गडद होत जाते तिथे, सापळ्यांचे गोळे जुन्या रेषेच्या पलीकडे अजूनही दिसतात की नाही, हे कड्यावर चढून, डोळ्यांवर हात धरून कोणीतरी पाहत असते.